आकाशातून गावाकडे : डॉ. विक्रम साराभाई

वादळाची पूर्वसूचना, पिकाखालील क्षेत्राचा अंदाज, भूजलाचा नकाशा, दूरच्या शाळेत पोहोचणारा पाठ अशा अनेक शासकीय सेवांमागे आज उपग्रह आणि संगणक उभे असतात. भारतात या साधनांची फारशी ओळखही नव्हती, त्या काळात ती सामान्य माणसाच्या कामी आणण्याचा ध्यास डॉ. विक्रम साराभाई यांनी घेतला होता.

विक्रम साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे एका सधन उद्योजक कुटुंबात झाला. वडील अंबालाल हे कापड गिरणीचे मालक होते. आई सरलादेवी यांनी मुलांच्या शिक्षणासाठी घरीच शाळा सुरू केली होती. उच्च शिक्षणासाठी विक्रम इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ते मायदेशी परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. युद्ध संपल्यावर त्यांनी केंब्रिजला जाऊन आपले संशोधन पूर्ण केले आणि १९४७ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला साराभाईंनी अहमदाबाद येथे भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. प्रयोगशाळेला स्वतःची इमारत नव्हती; एका विज्ञान महाविद्यालयाच्या खोल्यांत तिचे काम सुरू झाले. पुढे कापड उद्योगासाठी संशोधन करणारी संस्था आणि १९६१ मध्ये अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था यांच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. योग्य माणसे हेरावी, त्यांच्यावर विश्वास टाकावा आणि त्यांना मोकळेपणाने काम करू द्यावे, ही त्यांची रीत होती.

१९६२ मध्ये भारत सरकारने अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद साराभाईंकडे आले. अग्निबाण सोडण्यासाठी केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा हे मच्छीमारांचे गाव निवडण्यात आले, कारण पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त त्या भागातून जाते. ही जागा शोधण्याच्या कामात कोल्हापूरचे शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस यांचा सहभाग होता. गावकऱ्यांनी आणि तेथील ख्रिस्ती धर्मगुरूंनी गावातील चर्चची वास्तू या कामासाठी दिली. अग्निबाणाचे भाग सायकलीवरून वाहून नेले जात. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून पहिला अग्निबाण आकाशात झेपावला.

अन्नधान्याची टंचाई असलेल्या गरीब देशाने अवकाशावर पैसा खर्च करावा काय, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. तो गैरवाजवी नव्हता, आणि साराभाईंनीही तो टाळला नाही. श्रीमंत राष्ट्रांशी चंद्रावर जाण्याची स्पर्धा करण्याचा आपला हेतू नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. भारताची खेडी लाखोंनी आणि दूरवर विखुरलेली. प्रत्येक गावापर्यंत तारा ओढायच्या, मनोरे उभारायचे, तर कित्येक वर्षे लागतील. उंचावरचा एकच उपग्रह मात्र संपूर्ण देशाकडे एकाच वेळी पाहू शकतो व सर्व गावांशी बोलू शकतो. म्हणून हे तंत्रज्ञान गरीब देशालाच अधिक उपयोगी आहे, असे त्यांचे मत होते.

हे मत त्यांनी प्रयोगांच्या कसोटीवर लावले. १९६७ मध्ये दिल्लीजवळच्या ऐंशी गावांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसवून शेतीविषयक कार्यक्रम दाखवण्यास सुरुवात झाली. १९७० मध्ये केरळात नारळाच्या झाडांवर मूळकुज रोग पसरला होता. शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने बागांची छायाचित्रे घेण्यात आली. साध्या नजरेला निरोगी वाटणारी रोगट झाडे त्या छायाचित्रांत वेगळी ओळखू आली. जमिनीला स्पर्श न करता दुरून तिची माहिती मिळवण्याच्या या पद्धतीस सुदूर संवेदन असे म्हणतात. भारतातील सुदूर संवेदनाची ही सुरुवात होती.

१९६६ मध्ये डॉ. होमी भाभा यांचे विमान अपघातात निधन झाल्यावर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपदही साराभाईंकडे आले. १५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अवकाश संशोधन संस्था, म्हणजेच इस्रो, स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या नासा या संस्थेशी करार झाला. अमेरिकेचा उपग्रह एक वर्षासाठी वापरून भारतातील खेड्यांना शिक्षण देण्याची ती योजना होती. मात्र ३० डिसेंबर १९७१ रोजी केरळात कोवळम येथे, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, साराभाईंचे आकस्मिक निधन झाले. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथील उपग्रह भूकेंद्राला पुढे विक्रम हे नाव देण्यात आले.

नेता गेला, तरी काम थांबले नाही. १ ऑगस्ट १९७५ रोजी ती योजना सुरू झाली. सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत तारेच्या जाळीच्या छत्र्या आणि दूरचित्रवाणी संच बसवण्यात आले. तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग या जिल्ह्यांचा त्यांत समावेश होता. दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे १९५९ पासून पोलादाची भट्टी धगधगत होती. परंतु जिल्ह्यातील खेड्यांना दूरचित्रवाणी अपरिचित होती. आता सकाळी शाळेतील मुले आणि संध्याकाळी गावकरी त्या एका संचासमोर जमू लागले. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांची माहिती आकाशमार्गाने आली. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालवावे लागले. एका वर्षाने, ३१ जुलै १९७६ रोजी, हा प्रयोग संपला. कारण उपग्रह परक्या देशाचा होता. सेवा अखंड हवी असेल, तर साधने स्वतःची हवीत, हा धडा त्यातून मिळाला.

भारताने तो गिरवला. १९ एप्रिल १९७५ रोजी आर्यभट हा पहिला भारतीय उपग्रह अवकाशात गेलाच होता. १७ मार्च १९८८ रोजी सुदूर संवेदनाचा आयआरएस-१ए हा उपग्रह सोडण्यात आला. असे उपग्रह जमिनीच्या लहान लहान चौकोनांची नोंद अंकांच्या रूपात पाठवतात. संगणक त्या अंकांचे नकाशे बनवतो. नकाशावर विहिरी, रस्ते, शाळा, दवाखाने यांची माहिती बसवली, की कोणत्या गावाला कशाची उणीव आहे, हे अधिकाऱ्याला एका दृष्टिक्षेपात समजते. दुष्काळ वा पूर आला, तर मदत नेमकी कुठे धाडावी, हे ठरवता येते. तथापि नकाशावर दिसलेली उणीव भरून काढण्याचे काम माणसांनाच करावे लागते.

साराभाईंना अवघे बावन्न वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांच्या हयातीत एकही भारतीय उपग्रह अवकाशात गेला नाही. त्यांनी मागे ठेवल्या त्या संस्था, माणसे आणि एक कसोटी. नवे यंत्र आले, की त्याचा लाभ दूरच्या खेड्यातील माणसाला मिळतो काय, हे ती कसोटी आजही विचारते.

स्वाध्याय
१. अवकाश संशोधनावरील आक्षेपाला साराभाईंनी कोणते उत्तर दिले?
२. दुर्ग जिल्ह्यातील प्रयोगातून कोणता धडा मिळाला?
३. आपल्या गावाला किंवा वस्तीला उपग्रह व संगणक यांच्यामुळे मिळणाऱ्या एका सेवेविषयी आठ-दहा ओळी लिहा. ती कोणापर्यंत पोहोचत नाही, हेही नोंदवा.