सॅम्युएल लँगली : पडलेल्या विमानाचा अभ्यासक

विमानविद्येचा विचार करताना राइट बंधूंचे स्मरण प्रथम होते, आणि ते यथोचितच आहे. तथापि त्यांच्यापूर्वी याच ध्येयासाठी झिजलेल्या एका वृद्ध शास्त्रज्ञाचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवू इच्छितो.

सॅम्युएल लँगली यांचा जन्म १८३४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. महाविद्यालयीन शिक्षण न लाभताही स्वाध्यायाच्या बळावर ते खगोलशास्त्रज्ञ झाले. किरणांची उष्णता मोजणारे बोलोमीटर हे सूक्ष्म उपकरण त्यांनी निर्माण केले. १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिवपद त्यांच्याकडे आले. पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थांना आता उड्डाणाचा ध्यास लागला होता.

प्रारंभी त्यांनी पिळलेल्या रबरावर चालणारी छोटी विमाने बनविली. ती काही क्षणांतच खाली येत. पुढे वाफेचे इंजिन बसविले, तर त्याचे वजन पेलेना. सांगाडा हलका करावा, तर तो वाके. पंख वाऱ्याच्या दाबाने पिळवटत. पोटोमॅक नदीत हाऊसबोट नांगरून तिच्या छपरावरून विमान सोडण्याचे प्रयोग १८९३ पासून सुरू झाले, आणि तेही वारंवार फसले. परंतु प्रत्येक अपयशानंतर नेमके काय बिघडले हे तपासून लँगली पुन्हा बांधणीस लागत.

६ मे १८९६ रोजी पहिले विमान सुटतानाच त्याचा पंख मोडला आणि ते पाण्यात पडले. त्याच दुपारी दुसरे, पाचव्या क्रमांकाचे विमान सोडण्यात आले. ते डौलाने वळणे घेत सुमारे १००० मीटर उडाले. टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल या क्षणाचे साक्षी होते.

पुढे माणूस वाहून नेणारे मोठे विमान मात्र १९०३ मध्ये दोनदा नदीत कोसळले, आणि वृत्तपत्रांनी लँगलींचा उपहास केला. दुसऱ्या अपघातानंतर नवव्या दिवशी राइट बंधू उडाले. छोट्या विमानांच्या बाबतीत पाळलेली पायरीपायरीची तपासणी येथे अपुरी राहिली, असे आम्हांस वाटते. चालकाला हवेत तोल सावरण्याचा सराव मिळालाच नव्हता. १९०६ मध्ये लँगली निवर्तले.

त्यांचे श्रम मात्र वाया गेले नाहीत. १८९९ मध्ये विल्बर राइट यांनी स्मिथसोनियनकडून मागविलेल्या साहित्यात लँगलींचेही लेखन होते. पडलेल्या विमानाला दोष न देता त्याच्या पडण्याचे कारण शोधावे, हाच या चरित्राचा बोध आम्ही मानतो. आणि एका यशानंतर ही सवय सोडू नये, हाही.