शेतकऱ्यांचे शिष्यत्व पत्करणारा शास्त्रज्ञ

इंग्लंडमधील एका शेतकरी घरात १८७३ साली जन्मलेले अल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. आले ते शिकवण्यासाठी. परंतु रासायनिक औषधांवाचून आसपासची पिके निरोगी राहतात, हे पाहून त्यांनी तेथील शेतकऱ्यांचेच शिष्यत्व पत्करले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. उभयतांनी गव्हाच्या सुधारित जाती सिद्ध केल्या.

मात्र पिकाचा अभ्यास एका खात्याने करावा आणि किडीचा दुसऱ्याने, ही विभागणी हॉवर्ड यांना मानवेना. १९२४ मध्ये मध्य हिंदुस्थानातील संस्थाने व कापूस समिती यांच्या साहाय्याने इंदूरला नवी संस्था उभी राहिली. तेथे यशवंत वाड यांच्या सहकार्याने त्यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती व राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत कंपोस्ट सिद्ध करण्याची पद्धत बसवली. १९३१ च्या ग्रंथावर दोघांचीही नावे आहेत.

१९४७ मध्ये हॉवर्ड निवर्तले. रासायनिक खतांवरील त्यांचा सरसकट रोष सर्वांना पटला नाही. शिवाय या पद्धतीत पैसा वाचला, तरी श्रम वाढतात. मजुरी महागली की हा हिशेब बदलतो. तो हिशेब प्रयोगशाळेपेक्षा शेतकऱ्यालाच अधिक ठाऊक असतो. म्हणूनच संशोधनाचा विषय ठरवताना त्याला सल्लागाराचे स्थान द्यायचे की केवळ लाभार्थ्याचे, हा हॉवर्ड यांच्या चरित्राने उभा केलेला प्रश्न आजही टाळता येत नाही.