डॉ. यानुश कोर्चाक आणि मुलांचें न्यायालय

शाळा म्हटली कीं तंटा आलाच. मधल्या सुटींत कोणीं कोणास टोपणनांवानें चिडविलें, कोणीं कोणाचा डबा लपविला, कोणाची कंपासपेटी नाहींशी झाली, अशा फिर्यादी घेऊन मुलें शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं रोज उभीं असतात. शिक्षक घाईंत असतात. ते दोघांनाही दटावतात, एकाला शिक्षा करितात, आणि घंटा वाजतांच तासावर निघून जातात. ज्याला लागलें त्याचें दुःख तसेंच राहतें. ज्याला शिक्षा झाली तो मनांत डूख धरतो. आणि संध्याकाळीं फाटकाबाहेर तोच तंटा पुन्हां उभा राहतो. आजवरच्या नोकरींत आम्हीं हें पुष्कळ वेळां पाहिलें आहे, आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळ वेळां केलेंही आहे. म्हणूनच, शंभर मुलांच्या एका घरांत या तंट्यांची अगदीं निराळी व्यवस्था लावून दाखविणाऱ्या पोलंडमधील एका डॉक्टरांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावेंसें वाटलें.

यानुश कोर्चाक हें त्यांचें पाळण्यांतलें नांव नव्हे. त्यांचें मूळ नांव हेन्रिक गोल्डश्मिट. त्यांचा जन्म वॉर्सा शहरीं एका सुखवस्तु यहुदी कुटुंबांत २२ जुलै रोजीं झाला. पण तें वर्ष १८७८ कीं १८७९ हें त्यांचें त्यांनाही ठाऊक नव्हतें, कारण वडिलांनीं जन्माची नोंद वेळेवर केली नव्हती. वॉर्सावर त्या काळीं रशियाच्या बादशहाचा अंमल होता, आणि शाळांतील शिस्त छडीची होती. वडील नामांकित वकील. परंतु हेन्रिक लहान असतांनाच त्यांना बुद्धिभ्रंश झाला, औषधोपचारांत होतें नव्हतें तें सारें गेलें, आणि १८९६ सालीं ते निवर्तले. शाळेंत जाणारा हा मुलगा श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या करून आईला व बहिणीला हातभार लावूं लागला. दुसऱ्याच्या मुलास शिकवितां शिकवितांच त्यास मुलें समजूं लागलीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

वीस वर्षांचे असतांना त्यांनीं एका नाट्यस्पर्धेसाठीं टोपणनांव घेतलें. तें एका जुन्या पोलिश कादंबरींतील पात्राचें होतें, आणि तेंच पुढें जगाच्या तोंडीं बसलें. १९०५ सालीं ते डॉक्टर झाले व लागलीच रशिया-जपान युद्धांत सैन्याचे डॉक्टर म्हणून त्यांस दूर मांचुरियाकडे जावें लागलें. परत आल्यावर वॉर्सांतील मुलांच्या रुग्णालयांत त्यांनीं कांहीं वर्षें काम केलें. पैसा मिळत होता, लेखक म्हणून नांव झालें होतें. परंतु बरें करून घरीं धाडलेलें मूल त्याच ओल्या तळघरांत व त्याच उपासमारींत परत जातें, हें त्यांच्या मनास सलत होतें. १९१२ सालीं वॉर्साच्या क्रोख्माल्ना रस्त्यावर यहुदी अनाथ मुलांसाठीं नवी इमारत उभी राहिली. तिचे चालक होण्याचें कोर्चाकांनीं पत्करिलें. स्टेफानिया विल्चिन्स्का या विदुषी बाईंनीं त्यांच्याबरोबर तें घर अखेरपर्यंत चालविलें. डॉक्टरांचें नांव जगभर झालें. पण शंभर मुलांचे कपडे, जेवण, आजार व रात्रींचीं रडगाणीं या बाईंनीं सांभाळलीं, हें सांगावयास चरित्रकार कधीं कधीं विसरतात.

नव्या घरांत दिवे होते, गरम पाणी होतें, स्वच्छ बिछाने होते. शांतता मात्र नव्हती. रस्त्यावर वाढलेलीं हीं मुलें एकमेकांचें हिसकावून घेत, धाकट्यांस मारीत, आणि मोठ्यांनीं केलेला कोणताही नियम मोडण्यांत भूषण मानीत. पहिलें वर्ष आपल्या कसोटीचें गेलें, असें कोर्चाकांनींच लिहून ठेविलें आहे. छडी हातीं घेणें त्यांस सहज शक्य होतें, व त्या काळीं कोणीं नांवेंही ठेविलीं नसतीं. परंतु त्यांच्या मतें छडीनें मूल गप्प बसतें, तंटा मिटत नाहीं. शिवाय शिक्षक हा एकच न्यायाधीश असला कीं जें मूल गोड बोलतें त्याची सरशी होते, आणि मुकें बिचारें मार खातें. यांतून मुलांचें न्यायालय निघालें.

त्याची रीत साधी होती. भिंतीवर एक फळा असे. ज्याला कोणाविरुद्ध तक्रार असेल त्यानें तीवर आपलें नांव व प्रतिपक्षाचें नांव लिहावें, इतकेंच. मग तें प्रकरण वहींत उतरून घेत, साक्षीदारांचें म्हणणें टिपून ठेवीत, आणि आठवड्यांतून एकदां न्यायालय बसे. न्यायाधीश पांच, आणि पांचही मुलेंच. त्या आठवड्यांत ज्यांच्यावर एकही फिर्याद नसे अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून त्यांची निवड होई. मोठें माणूस चिटणीस म्हणून बसे. कागद वाचून दाखविणें हें त्याचें काम, मत देण्याचा अधिकार त्यास नसे. लिहिण्यांत आणखीही एक गुण होता. राग आला त्या क्षणीं नांव लिहिलेलें असे. प्रत्यक्ष न्याय होईपर्यंत मधले दिवस जात, आणि पुष्कळ वेळां वादीच येऊन आपली फिर्याद काढून घेई.

या न्यायालयाचा कायदा कोर्चाकांनीं स्वतः लिहिला. त्यांतील कलमांचे आंकडे एकापासून एक हजारापर्यंत जातात. पण वाचकांनीं भिऊं नये. पहिलीं नव्याण्णव कलमें सोडून देण्याचींच आहेत. कोणी अजाणतेपणीं चुकला म्हणून, कोणाला पश्चात्ताप झाला म्हणून, कोणी रागाच्या भरांत होता म्हणून, अशा निरनिराळ्या कारणांनीं न्यायालय क्षमा करी. चुकणाऱ्यास सुधारावयास अवधि द्यावा, आणि क्षमा हाच नेहमींचा निकाल असावा, अशी त्यांची विचारसरणी होती. मात्र भित्र्या मुलास दांडगट मुलानें छळूं नये, शांत मुलाच्या अभ्यासांत व्यत्यय येऊं नये, हें पाहणेंही न्यायालयाचेंच काम होतें. पुढचीं कलमें शंभराशंभरानें चढत. शंभराव्या कलमाखालीं क्षमा नाहीं एवढेंच सांगत. दोनशेंखालीं वागणें चुकीचें ठरे. पांचशेंपासून निकाल नांवानिशीं घराच्या वर्तमानपत्रांत येई. सातशेंस तो घरच्या माणसांस कळवीत. नऊशें कलम लागलें तर आम्हांला या मुलाची आशा उरली नाहीं असें न्यायालय जाहीर करी, आणि त्याला घरांत राहावयाचें असेल तर कोणीतरी त्याचा जामीन व्हावें लागे. हजार म्हणजे घर सोडणें. तेंही तीन महिन्यांनीं परत येण्याचा अर्ज करण्याच्या मुभेसह. यांत मार नाहीं, उपास नाहीं, कोठडी नाहीं. आपण केलें तें आपल्या सोबत्यांनीं ऐकून घेतलें व त्यांनीं त्याचें नांव ठरविलें, हीच काय ती शिक्षा.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं झालें, सत्ययुग अवतरलें! तसें कांहीं झालें नाहीं. मुलें क्षुल्लक कारणांवरून एकमेकांवर फिर्यादी लावूं लागलीं. कोणी सूड म्हणून लावी, कोणी गंमत म्हणून. शिक्षा होत नाहीं असें दिसतांच दांडग्यांनीं न्यायालयास हंसावयास आरंभ केला. न्यायाधीश होण्यास मुलें कंटाळूं लागलीं. शेवटीं कोर्चाकांनीं न्यायालय चार आठवडे बंद ठेविलें. कोणाही चालकानें येथें हात झटकले असते व पूर्वीचीच पद्धत बरी म्हटलें असतें. त्यांनीं कायदा दुरुस्त केला. बिकट प्रकरणांसाठीं निराळें मंडळ नेमिलें, निकाल न पटल्यास महिन्यानें फेरविचार मागण्याची सोय केली, आणि तिसरी दुरुस्ती अशी केली कीं मोठ्या माणसांवरही मुलांनीं फिर्याद लावावी.

सहा महिन्यांच्या अवधींत कोर्चाकांनीं स्वतःसच पांच वेळां या न्यायालयापुढें उभें केलें. एकदां त्यांनीं एका मुलाच्या थोबाडींत दिली होती. एकदां एकास निजण्याच्या खोलीतून हांकलून दिलें होतें. एकास कोपऱ्यांत उभें केलें होतें. एकदां न्यायाधीशाचा अपमान केला होता. आणि एकदां एका मुलीवर चोरीचा आळ घेतला होता. पांचही वेळां निकाल शंभराच्या आंतील कलमांखालींच लागला. परंतु या पांच खटल्यांनीं आपण शिक्षक म्हणून घडलों, असें त्यांचें मत होतें. मुलांवर प्रेम करणें पुरेसें नाहीं. प्रेम करणाऱ्या माणसाचीही एखादी सकाळ वाईट जाते, आणि तेव्हां मुलास त्याच्या लहरीपासून वांचविणारा कांहीं कायदा असावा लागतो.

येथें आमची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. नोकरीच्या आरंभीं एका शाळेंत आमच्या वर्गांतील सहलीचे पैसे नाहींसे झाले. आम्हीं एका मुलास सर्वांसमक्ष उभें करून त्याचें दप्तर तपासलें. दुसऱ्या दिवशीं ते पैसे आमच्याच हजेरीपटांत सांपडले. पैसे मिळाले एवढें आम्हीं वर्गास सांगितलें. त्या मुलास मात्र एक शब्दही बोललों नाहीं. वर्षअखेरपर्यंत त्यानें उत्तर देण्यास पुन्हां हात वर केला नाहीं. त्याला आमच्याविरुद्ध नांव लिहावयास भिंतीवर फळा नव्हता.

न्यायालयाखेरीज त्या घरांत आणखी पुष्कळ गोष्टी होत्या. ज्याला तोंडानें बोलवत नसे त्यानें चिठ्ठी टाकावी म्हणून पेटी होती. नव्यानें आलेल्या मुलास जुन्या मुलाच्या हवालीं करीत, आणि त्या दोघांमध्यें वहींतून पत्रव्यवहार चाले. कालचा दांडगट आज दुसऱ्याचा पालक झालेला पुष्कळांनीं पाहिला. वाईट खोडी सोडावयाची असेल तर मुलें डॉक्टरांशीं पैज मारीत: या आठवड्यांत आपण इतक्याच वेळां भांडूं. मोजदाद मुलानेंच करावयाची, आणि त्याचा शब्द प्रमाण. जिंकल्यास खाऊ मिळे. एकदम शंभर टक्के सुधारण्याची पैज ते घेत नसत. थोडें थोडें कमी करावयास लावीत. आमच्या मतें त्यांची मुलांची पारख येथें सर्वांत अधिक दिसते.

पहिल्या महायुद्धांत त्यांस पुन्हां सैन्यांत जावें लागलें. तेथील इस्पितळांत त्यांनीं मुलांवर प्रेम कसें करावें या विषयावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहावयास घेतला. १९१९ पासून मारिया फाल्स्का या बाईंच्या दुसऱ्या अनाथगृहासही त्यांचें साहाय्य होतें. राजा झालेल्या लहान मुलाची त्यांची कथा पोलंडांत घरोघर वाचली गेली. १९२६ सालीं त्यांनीं मुलांनींच लिहावयाचें एक साप्ताहिक काढलें. १९२९ च्या एका लहान पुस्तकांत, मुलाला मान मिळणें हा त्याचा हक्क आहे, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. पुढें १९८९ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं बालहक्कांचा करार मान्य केला. त्याची मूळ सूचना पोलंडनेंच केली होती. आतां कित्येक देशांतील शाळांत तंट्यांतील दोन्ही पक्षांस वर्तुळांत बसवून, कोणास काय लागलें व तें कसें भरून निघेल, याचा विचार करितात. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत एका शाळेंत १९९४ सालीं अशी बैठक झाली. क्रोख्माल्ना रस्त्यावरील फळा त्याच्या कितीतरी आधींचा.

१९३९ सालीं जर्मन सैन्यानें पोलंड घेतलें. पुढच्या वर्षीं वॉर्सांतील यहुदी लोकांस एका वस्तींत कोंडून तिच्याभोंवतीं भिंत घातली, आणि कोर्चाकांच्या मुलांनाही आपलें घर सोडून त्या भिंतीच्या आंत जावें लागलें. मुलांच्या बटाट्यांची गाडी जप्त झाली म्हणून डॉक्टर जाब विचारावयास गेले. यहुद्यांस सक्तीची असलेली पट्टी दंडावर नव्हती, म्हणून त्यांस तुरुंगांत टाकिलें. सुटल्यावर साठी ओलांडलेला हा आजारी गृहस्थ पोतें घेऊन दारोदार मुलांसाठीं अन्न मागत फिरे.

१८ जुलै १९४२ रोजीं त्या अनाथगृहांतील मुलांनीं एक नाटक केलें. तें आपल्या रवींद्रनाथ ठाकुरांचें ‘डाकघर’ होतें. खोलींत कोंडलेला, राजाच्या पत्राची वाट पाहणारा आजारी अमल त्या भुकेल्या मुलांनीं रंगभूमीवर आणिला. मुलांस मरणाची भीति वाटूं नये म्हणून डॉक्टरांनीं हें नाटक निवडलें, असें सांगतात. चारच दिवसांनीं त्या वस्तींतून माणसांच्या गाड्या भरून जाऊं लागल्या.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत अनाथगृहाची पाळी आली. स्नेह्यांनीं कोर्चाकांस भिंतीबाहेर काढण्याची तजवीज यापूर्वींच केली होती, खोटे कागदही तयार होते. मुलांस सोडून जाण्याचें त्यांनीं नाकारिलें. सुमारें दोनशें मुलें रांगेनें रस्त्यावरून चालत स्टेशनाकडे गेलीं. डॉक्टर त्यांच्याबरोबर होते, स्टेफानियाबाई होत्या, घरांतील इतर शिक्षकही होते. त्रेब्लिंका येथील छावणींत त्यांना नेण्यांत आलें, आणि तेथून त्यांच्यांतील कोणी परत आलें नाहीं.

त्रेब्लिंका येथें आतां मोकळें रान आहे, आणि त्यांत सुमारें १७ हजार ओबडधोबड दगड उभे केलेले आहेत. कित्येकांवर गांवांचीं नांवें आहेत. माणसाचें नांव एकाच दगडावर आहे. तें यानुश कोर्चाक यांचें, आणि त्याखालीं त्यांच्या मुलांचा उल्लेख आहे.