घटक ३ : ताराबाई मोडक – मुलाच्या अंगणापर्यंत आलेली शाळा

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• ताराबाई मोडक यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• माँटेसरी पद्धतीला त्यांनी एतद्देशीय रूप कसे दिले, हे स्पष्ट करता येईल.
• अंगणवाडी, कुरणशाळा व विकासवाडी या कल्पनांमागील विचार उलगडून दाखवता येईल.
• बालकाच्या शाळाप्रवेशाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहता येईल.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जून महिन्यात कोणत्याही बालवाडीच्या दाराशी थोडा वेळ उभे राहिल्यास जे दृश्य दिसते, ते तुमच्या परिचयाचे असेल. आईचा पदर घट्ट धरून ठेवलेले एखादे मूल असते, रडून रडून दमलेले दुसरे असते, आणि आत काय चालले आहे याकडे दुरूनच पाहणारे तिसरे असते. बालवाडी आपल्याला आज इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यामागे काही इतिहास असेल, हे सहसा लक्षात येत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला शिक्षण असते, आणि ते पाटी-पुस्तकाच्या शिक्षणाहून वेगळे असते, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे बहुतेकांना ठाऊकही नव्हती.

ही कल्पना महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे. या घटकात आपण त्यांचा जीवनपट पाहणार आहोत. तो वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवा. मूल शाळेत येत नसेल, किंवा येऊनही रमत नसेल, तर बदलायचे कोणी, मुलाने की शाळेने? ताराबाईंच्या आयुष्यातील प्रत्येक महत्त्वाचे वळण या प्रश्नापाशी येऊन थांबते.

३.३ जन्म, शिक्षण व पूर्वायुष्य

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, केळकर घराण्यात झाला. घरातील वातावरण प्रार्थना समाजाच्या विचारांचे होते. मुलींनी शिकावे की नाही, हा वाद त्या काळी महाराष्ट्रात पुरता मिटलेला नव्हता. या घरात मात्र त्याचा निकाल लागलेला होता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. स्त्री-पदवीधर हाताच्या बोटांवर मोजता याव्यात, असा तो काळ होता, हे येथे ध्यानात घ्या.

पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे सहजीवन टिकले नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या. सुशिक्षित घरांतही असा निर्णय घेणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, याची कल्पना तुम्ही करू शकता. ताराबाईंपुढे आता स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा प्रश्न होता. राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज या अध्यापिका-प्रशिक्षण संस्थेत त्यांनी प्राचार्यपद स्वीकारले. पद मानाचे होते आणि उपजीविकेची चिंता मिटविणारे होते. तरीही त्या तेथे फार काळ राहिल्या नाहीत.

३.४ भावनगरची नऊ वर्षे

राजकोटहून फार दूर नसलेल्या भावनगरात त्या काळी एक नवा प्रयोग चालू होता. गिजुभाई बधेका नावाच्या गृहस्थांनी चालती वकिली सोडून दक्षिणामूर्ती या संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते बालशिक्षणाकडे वळले होते. इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता.

१९२३ मध्ये ताराबाई प्राचार्यपद सोडून भावनगरला आल्या. वरकरणी पाहता हा उलटा प्रवास होता. मोठ्या मुलींना शिकविणाऱ्या संस्थेची प्रमुख आता अडीच-तीन वर्षांच्या मुलांसमवेत जमिनीवर बसणार होती. परंतु शिक्षणाचा पाया नेमका कोठे घातला जातो, याचे उत्तर त्यांना येथे मिळाले.

बालमंदिरात काय वेगळे होते, हे समजण्यासाठी त्या काळची सर्वसाधारण शाळा डोळ्यांसमोर आणा. छडी, घोकंपट्टी आणि पंतोजींचा धाक हे तिचे आधारस्तंभ होते. मूल शाळेत रडत जाई, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. बालमंदिराने धाक, शिक्षा आणि बक्षिसाचे आमिष ही तिन्ही साधने बाजूला सारली. मुलाने काय करावे, हे त्याच्यावर लादले जात नसे. भोवती साधने मांडलेली असत आणि त्यांतून मूल आपले काम निवडी. लहानमोठे ठोकळे रचणे, बटणे लावणे, पाणी न सांडता ओतणे, खरखरीत अक्षरांवरून बोट फिरविणे अशा कामांतून त्याचे हात, डोळे आणि मन एकत्र घडत. माँटेसरींच्या या चौकटीत गिजुभाईंनी लोककथा, गाणी, नाट्य आणि बागकाम यांची भर घातली.

नव्याने आलेल्या मुलाला या वातावरणात मोठी सवलत होती. लगेच काही करून दाखविण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती. काही दिवस नुसते पाहत बसणे, हेही शिकण्याचेच एक रूप मानले जाई. मोठ्यांना जे स्वस्थ बसणे वाटते, ते मुलाच्या दृष्टीने नव्या जगाची ओळख करून घेणे असते. ही जाण ताराबाईंच्या पुढील सर्व कार्याचा आधार ठरली.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाईंसमवेत ताराबाईंनी गुजराती शिक्षणपत्रिकेचे काम केले आणि १९३३ पासून मराठी शिक्षणपत्रिका चालविली. मराठी घराघरांत बालसंगोपनाचा शास्त्रीय विचार पोहोचविण्यात या मासिकाचा वाटा मोठा आहे. मुलाला मारू नये, भीती दाखवू नये, त्याच्या हट्टामागील कारण शोधावे, या गोष्टी आज कोणीही सांगेल; त्या काळी मात्र त्या पालकांना पुनःपुन्हा पटवून द्याव्या लागत.

३.५ दादरचे शिशुविहार आणि एक अस्वस्थता

भावनगर सोडून ताराबाई मुंबईस परतल्या आणि १९३६ मध्ये दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केले. बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही त्याला जोडून उभे राहिले. नुसती मुलांची शाळा काढून भागणार नाही, त्या मुलांना समजून घेणाऱ्या शिक्षिका घडविल्या पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. दादरच्या मध्यमवर्गीय पालकांनी शिशुविहाराचे स्वागत केले. ताराबाईंना प्रतिष्ठा लाभली. येथेच थांबल्या असत्या, तरी शिक्षणाच्या इतिहासात त्यांची नोंद झालीच असती.

परंतु या यशात एक विसंगती होती, आणि ती नीट समजून घ्या. माँटेसरींचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, कामकऱ्यांच्या मुलांसाठी निघाले होते. तीच पद्धती भारतात आली ती मात्र महागड्या साधनांसह, आणि म्हणून खात्यापित्या घरांतील मुलांपुरती मर्यादित राहिली. बालशिक्षण ही जर प्रत्येक मुलाची गरज असेल, तर खेड्यातील आणि रानातील मुलाचे काय? याच सुमारास महात्मा गांधींच्या नयी तालीमच्या विचारातून ग्रामीण शिक्षणाची चर्चा देशभर चालू होती. ताराबाईंच्या मनातील अस्वस्थतेला तिने दिशा दिली.

३.६ बोर्डी : शाळा अंगणात येते

१९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी हे तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील, डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. परिसरात वारली आदिवासींचे पाडे होते. त्याच वर्षी या भागातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. ज्या मुलांसाठी शाळा काढायची, त्यांचे आईबाप कोणत्या परिस्थितीत जगत होते, हे यावरून कळेल.

या कार्यात त्यांना अनुताई वाघ यांची साथ लाभली. अनुताई बालविधवा होत्या. कष्टाने शिकून त्यांनी पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिकेची नोकरी केली होती. त्या ताराबाईंहून १८ वर्षांनी लहान होत्या. या दोघींचे नाते गुरु-शिष्येचे होते आणि सहकारिणींचेही होते.

केंद्र उघडले, पण पाड्यांवरची मुले आपण होऊन येईनात. शहरातील मुलाचे रडणे आईपासून दूर होण्याचे होते; येथे अडचण निराळी होती. आईबाप दिवस उजाडताच मजुरीला जात. मुलाला वेळेवर उठवून, न्हाऊ घालून शाळेत पोहोचविणारे घरी कोणी नसे. शाळेची इमारत, तिची घंटा, तिची भाषा हे सारेच परके होते.

अशा वेळी पालकांना बेफिकीर ठरवून मोकळे होता आले असते. ताराबाईंनी दोष शाळेच्या रचनेत शोधला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असा विचार त्यांनी केला. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या. एखाद्या घराचे सारवलेले अंगण हीच शाळा झाली. मुलांना गोळा करणे, त्यांचे हातपाय धुणे, केस विंचरणे येथून दिवसाची सुरुवात होई. मग गाणी, गोष्टी आणि खेळ होत. ओळखीच्या अंगणात, शेजारपाजारच्या भावंडांमध्ये बसलेल्या मुलाला शाळेची भीती वाटण्याचे कारणच उरले नाही. या प्रयोगातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना आणि तो शब्द रूढ झाला.

साधनांचा प्रश्नही त्यांनी याच मार्गाने सोडविला. शिंपले, बिया, खडे, पाने, माती ही सारी परिसरात विनामूल्य मिळत होती. मोजणे, प्रतवारी लावणे, रंग ओळखणे, आकृती मांडणे हे सारे त्यांतून साधता येते. माँटेसरींच्या साधनांमागील तत्त्व त्यांनी घेतले आणि वस्तू मात्र मुलाच्या परिचयाच्या निवडल्या. परदेशी विचाराचे एतद्देशीय रूप म्हणतात ते हेच.

३.७ कोसबाड : कुरणशाळा व विकासवाडी

१९५७ मध्ये केंद्र त्याच तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आले. ताराबाई तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या. आदिवासींच्या अधिक निकट जाण्याचा हा निर्णय होता.

येथे आणखी दोन अडचणींशी गाठ पडली. थोडी मोठी मुले गुरे राखण्यास जात. त्यांनी गुरे सोडून शाळेत बसावे, ही अपेक्षा घराला परवडणारी नव्हती. यावर उपाय म्हणून जेथे गुरे चरत तेथेच शिकवणे सुरू झाले. हीच कुरणशाळा. दुसरी अडचण मुलींची होती. तान्ह्या भावंडाला सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे असे, म्हणून त्या शाळेस मुकत. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याची योजना पुढे आली. धाकटे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात, अशी ही विकासवाडी होती. एका मुलाचे शिक्षण त्याच्या भावंडांच्या सांभाळापासून वेगळे काढता येत नाही, हे तिचे सूत्र होते.

भारत सरकारने १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे अनुताईंनी १९९२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत कोसबाडचे काम सुरू ठेवले.

३.८ समारोप

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. तुमच्यापैकी काहीजणी कदाचित अंगणवाडीत काम करीत असतील. अनेकांची मुले वा नातवंडे तेथे जात असतील. नाव सर्वत्र गेले, पण त्यामागील विचार तितकाच पोहोचला का, हे आपण प्रत्येकाने तपासून पाहिले पाहिजे. तीन वर्षांच्या मुलाकडून लेखनाची घाई करणारी, रडणाऱ्या मुलाला दटावून गप्प करणारी शाळा आजही आढळते. अशा शाळेची फी कितीही असली, तरी ती ताराबाईंच्या अंगणातील शाळेपेक्षा मागेच आहे.

भावनगर, दादर, बोर्डी आणि कोसबाड या चार मुक्कामांत त्या उत्तरोत्तर अधिक उपेक्षित मुलाकडे जात राहिल्या, आणि प्रत्येक मुक्कामी त्यांनी शाळेचे रूप त्या मुलाच्या गरजेप्रमाणे बदलले. प्रौढ वयात, घर आणि नोकरी सांभाळून तुम्ही शिकत आहात. शिकणाऱ्याच्या सोयीप्रमाणे शिक्षणाने आपली रचना बदलावी, याचे मोल तुम्हाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

३.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ताराबाईंच्या जडणघडणीत भावनगर येथील वास्तव्याचे महत्त्व स्पष्ट करा.
२. शिशुविहाराच्या यशातील विसंगती कोणती होती? तिचा ताराबाईंच्या पुढील कार्याशी कसा संबंध आहे?
३. अंगणवाडी, कुरणशाळा व विकासवाडी यांपैकी प्रत्येक कल्पना कोणत्या अडचणीतून निर्माण झाली, ते लिहा.

उपक्रम : तुमच्या परिसरातील बालवाडीस वा अंगणवाडीस वर्षाच्या आरंभी भेट द्या. नव्याने आलेल्या एका मुलाचे, त्याच्या कामात व्यत्यय न आणता, तीन दिवस निरीक्षण करा. ते केव्हा पाहते, केव्हा खेळात शिरते आणि कोणत्या गोष्टीने शांत होते, याची दीडशे ते दोनशे शब्दांत नोंद करा. नोंदीत मुलाचे नाव लिहू नका.