स्वतःच्या मांडीत प्लॅस्टिक घालून घेणारा डॉक्टर, ज्यांच्यामुळे आज खुबा बदलता येतो

दत्त जयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. दात बघून घोड्याचं वय कळतं, पण सौदा ठरतो चालीवर. मालक घोडा पळवून दाखवतो, गिऱ्हाईक पायांकडे बघतं. मागचा पाय जरा जरी लचकला की किंमत पडली.

माणसाची चाल बिघडते तेव्हा दोष बऱ्याचदा खुब्यात असतो. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. मधला गुळगुळीत कूर्चा झिजला की हाडावर हाड घासतं आणि उकिडवं बसणंही नकोसं होतं. आज असा खुबा बदलतात आणि पेशंट एक-दोन दिवसांत वॉकर धरून उभा राहतो. ही सोय ज्यांच्यामुळे झाली, ते सर जॉन चार्नली.

चार्नलींचा जन्म २९ ऑगस्ट १९११ चा, इंग्लंडमधल्या बरी गावचा. वडील औषधविक्रेते, आई नर्स. मँचेस्टरला डॉक्टर झाले, दुसऱ्या महायुद्धात लष्करी सर्जन होते. हाडांइतकाच वर्कशॉपचा नाद. आणि प्रयोग स्वतःवर करायची खोड तेव्हापासूनच. युद्धानंतर हाडाचं कलम कसं धरतं हे बघायला त्यांनी स्वतःच्याच नडगीवर ऑपरेशन करून घेतलं. त्यात जंतुसंसर्ग झाला आणि पाय चांगलाच दुखावला.

पुढे त्यांच्याकडे एक पेशंट आला. त्याच्या खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवलेला होता आणि तो हलला की सांधा करकरायचा, वंगण नसलेल्या बैलगाडीच्या चाकासारखा. त्या आवाजाने बायको खोलीतून उठून जायची. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. चार्नलींनी त्यातून ओळखलं की करकर म्हणजे घर्षण, आणि घर्षण असेल तर बसवलेला सांधा हळूहळू सैल होणार.

मग त्यांनी सगळ्यात निसरडा पदार्थ शोधला. टेफ्लॉन, तोच नॉनस्टिक तव्यावरचा. वाटी टेफ्लॉनची, गोळा स्टीलचा. मोठा गोळा वाटीला जास्त पीळ देतो म्हणून त्यांनी तो लहान करत करत सुमारे २२ मिलिमीटरवर आणला, म्हणजे बोराएवढा. आणि हे सगळं हाडात पक्कं बसवायला दातांच्या कवळीचं अ‍ॅक्रिलिक सिमेंट म्हणून वापरलं. पेशंट चालायला लागले. सुमारे ३०० जणांना असे खुबे बसले.

दोन-तीन वर्षांत ते परत यायला लागले.

टेफ्लॉन निसरडं होतं, पण टिकाऊ नव्हतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या ३०० जणांच्या शरीरात सिद्ध झालं. लहान गोळ्याने वाटीत भोक पाडल्यासारखी वाट केली होती. त्याहून वाईट म्हणजे झिजलेला चुरा. शरीरातल्या पेशी तो गिळायला धावतात, पण त्यांना तो पचत नाही. तिथे सूज येते आणि त्या गडबडीत आजूबाजूचं चांगलं हाडही खाल्लं जातं. खात्री करायला चार्नलींनी टेफ्लॉनचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले. नऊ महिन्यांनी तिथे हाताला लागणाऱ्या गाठी होत्या.

उत्तर सापडलं ते त्यांच्या मनाविरुद्ध. १९६२ साली कापडगिरणीच्या मागांसाठी दातेरी चाकं विकणारा एक विक्रेता राइटिंग्टन हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये नवं प्लॅस्टिक दाखवून गेला. अतिउच्च वजनाच्या रेणूंचं पॉलिथिलीन. चार्नलींनी बघून ते झटकून टाकलं. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब बाहेरगावी असताना तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजायचं, तितकं हे तीन आठवड्यांतही झिजलं नाही. मांडीतल्या प्रयोगातही पॉलिथिलीनने गाठ धरली नव्हती. क्रेव्हन यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, घ्यायला हवं.

नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिली पॉलिथिलीनची वाटी बसली. पण या वेळी चार्नली घाई करणारे नव्हते. निकाल दिसेपर्यंत बरीच वर्षं त्यांनी हा सांधा सर्रास विकू दिला नाही. ज्या सर्जनना तो हवा, त्यांनी आधी येऊन शिकायचं. पेशंटना ते मृत्यूनंतर सांधा तपासायला देण्याची विनंती करत, आणि अनेक जण कबूल होत. १९७७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी ते गेले.

झिजेचं भांडण मात्र संपलं नाही. पॉलिथिलीनही वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजायचं, म्हणून पुढे ते किरणोत्साराने आणखी घट्ट केलं गेलं. त्याआधी प्लॅस्टिकच नको म्हणून काहींनी धातूवर धातू घासायचा मार्ग धरला. त्यातलं एएसआर नावाचं इम्प्लांट २०१० मध्ये जगभरातून परत मागवावं लागलं, कारण कोबाल्ट आणि क्रोमियम पेशंटच्या रक्तात उतरत होतं. भारतात ते सुमारे ४,७०० ऑपरेशनांत वापरलं गेलं होतं आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार केली.

आज डॉक्टर बहुतेकदा घट्ट केलेल्या पॉलिथिलीनच्या वाटीत धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बसवतात. सिरॅमिकवर सिरॅमिक ही जोडी त्याहूनही कमी झिजते. पण काही पेशंटमध्ये ती चालताना करकरते.