डॉ. विष्णू माधव घाटगे : शिकणाऱ्यांसाठी विमान बनवणारे शास्त्रज्ञ



जळगावच्या विमानतळावर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. छोटं विमान डोक्यावरून गेलं की मुलं खिडकीकडे धावतात. अशा वेळी त्यांना रागावू नका. डॉ. घाटगेंची गोष्ट सांगा.

विष्णू माधव घाटगे यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूरकडच्या हसूर गावी झाला. मुंबई विद्यापीठात शिकून ते जर्मनीतील गॉटिंगेनला गेले. विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते याचे मोठे जाणकार लुडविग प्रांटल हे त्यांचे मार्गदर्शक. १९३६ मध्ये घाटगेंनी डॉक्टरेट मिळवली. त्याच काळात हान्स फॉन ओहाइन हा तरुणही त्या विद्यापीठात होता. १९३९ मध्ये जगातलं पहिलं जेट विमान उडालं ते त्याच्याच इंजिनावर.

इकडे १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी बेंगळुरूला विमान कारखाना काढला. घाटगे सुरुवातीलाच तिथे रुजू झाले. १९४२ मध्ये तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्रमुखही तेच. म्हणजे ते आपल्यासारखेच शिक्षक होते बरं का!

पुढे त्यांच्या चमूने एचटी-२ हे प्रशिक्षण विमान बनवलं. ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडालं. त्यात गुरू-शिष्य एकामागे एक बसत आणि विमान पंख्यावर चाले. पण हवाई दलात जेट विमानं आली, मग शिकणाऱ्यांनाही जेट हवंच ना? घाटगेंच्या मार्गदर्शनाखाली 'किरण' तयार झालं. ४ सप्टेंबर १९६४ रोजी त्याने पहिली झेप घेतली. यात गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसतात. 'सूर्यकिरण' पथकाच्या कसरती तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील, त्या पूर्वी याच विमानावर होत.

मुलांना एक गोष्ट मात्र खरी सांगा. किरणचं शरीर आपलं, पण त्यातलं 'व्हायपर' हे टर्बोजेट इंजिन ब्रिटिश रचनेचं होतं. कारखान्यात एचजेई-२५०० हे भारतीय जेट इंजिनही तयार झालं. ते जमिनीवर चाललं, पण विमानात बसून आकाशात गेलं नाही. लढाऊ विमानाच्या इंजिनासाठी आपल्याला अजूनही बाहेर बघावं लागतं.

घाटगेंना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते गेले.

वर्गात करून बघा : फुगा फुगवून तोंड न बांधता सोडा. हवा मागे जाते, फुगा पुढे पळतो. टर्बोजेट याच नियमाने पुढे जातं. पुढून हवा आत ओढायची, दाबायची, इंधन जाळायचं. तापलेला वायू आतलं चक्र फिरवत मागून जोरात बाहेर पडतो. तेच चक्र पुढची हवा ओढत राहतं.

मग मुलांना विचारा, आपलं स्वतःचं इंजिन कोण बनवणार? बघा, किती हात वर होतात ते. आम्हालाही कळवा.