लिओनार्दोच्या शाईतले हृदय

लिओनार्दो दा विंची म्हटले की ‘मोनालिसा’ आठवते. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र त्याची मोठी कमाई शाईच्या रेखाटनांत आहे. १४५२ मध्ये जन्मलेला लिओनार्दो फ्लॉरेन्समध्ये व्हेरोक्किओच्या हाताखाली चित्रकला शिकला. माणूस हुबेहूब रंगवायचा तर कातडीखाली काय आहे ते कळायला हवे, म्हणून तो शरीररचनेकडे वळला. १४८९ मध्ये त्याने मानवी कवटीची बारकाईने चित्रे काढली.

१५०७-०८ च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्समधील सांता मारिया नुओव्हा रुग्णालयात एक वृद्ध शांतपणे वारला. आपण शंभरी ओलांडल्याचे तो सांगत असे. इतक्या सहज मरणाचे कारण काय, हे पाहण्यासाठी लिओनार्दोने त्याचे शवविच्छेदन केले. रक्तवाहिन्या जाड, अरुंद आणि वेड्यावाकड्या झालेल्या दिसल्या. दोन वर्षांच्या एका बालकात त्याच सरळ आणि मोकळ्या होत्या. रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या विकाराचे हे फार जुने वर्णन आहे.

त्याची पद्धत साधी होती. आधी खडूने पुसट आकार काढायचा, मग पिसाच्या लेखणीने शाईची रेघ ओढायची. खडू पुसता येतो, शाई नाही. त्यामुळे स्नायू नेमका कुठे जोडलेला आहे, हे आधी नीट पाहावेच लागे. तो एकच अवयव अनेक बाजूंनी काढी आणि शेजारी उलट्या अक्षरांत टिपणे लिही.

पुढे बैलाचे हृदय चिरून त्याने महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेची चित्रे काढली. रक्ताचे भोवरे ही झडप मिटायला मदत करतात, असा तर्क त्याने मांडला. तो पडताळण्यासाठी काचेचा नमुना करून त्यात पाणी आणि गवताचे बी सोडण्याची युक्तीही लिहून ठेवली. विसाव्या शतकातील प्रयोगांनी हा तर्क खरा ठरवला. रक्ताभिसरण मात्र त्याला उमगले नाही. ते हार्वेने १६२८ मध्ये मांडले.

शरीररचनेवर ग्रंथ लिहिण्याचा त्याचा बेत होता. त्याच्यासोबत काम करणारा पाव्हियाचा प्राध्यापक मार्कान्तोनिओ देल्ला तोर्रे १५११ मध्ये प्लेगने गेला. १५१९ मध्ये लिओनार्दो वारला, तेव्हा ग्रंथ अपुराच होता. कागद शिष्य मेल्झीकडे गेले. १५४३ मध्ये व्हेसॅलियसचा शरीररचनेचा ग्रंथ छापला गेला आणि डॉक्टर त्यावर शिकू लागले. लिओनार्दोची पाने मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नीट छापलीच गेली नाहीत. तोवर त्यातले बरेच काही इतरांना पुन्हा नव्याने शोधावे लागले होते.